टर्न सोजरबाईचा आहे

केज,
शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

सकाळी नांदूरघाटला मोजणी होती. दोन भावांचा बांध. हरभऱ्यातून चालावं लागलं. दोघांनी सही केली, पण एकमेकांकडे बघितलं नाही. जेवण तिथेच झालं. जीपने परत आलो, पुढे बसायला जागा मिळाली. हातपाय धुतले आणि लिहायला बसलो.

तीर्थस्वरूप उत्तरेश्वरदादा यांना सोमनाथचा नमस्कार. (समोर असलो की मी तुम्हाला 'तू' म्हणतो, पण हातात पेन आलं की 'तुम्ही' होतं. परकेपणा समजू नका.) वहिनींना नमस्कार सांगा. आत्याची शुगर आता कशी आहे? तिला पुण्याची ज्वारी पचत नसेल तर इकडून पाठवतो. तुमच्या गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाले? लिफ्ट असतानाही तुम्ही जिने चढता असं वहिनी सांगत होत्या, ते बंद करा. संक्रांत यंदा आमच्याकडे नव्हती, म्हणून तिळगूळ पाठवला नाही. माझी तब्येत बरी आहे. जेवण होतं. झोपही लागते. हे आधीच लिहून टाकतो, कारण सगळे तेवढंच विचारतात आणि मग काय बोलावं ते दोघांनाही सुचत नाही.

तुम्ही पाठवलेलं खेळाचं नवीन नियमपुस्तक मिळालं. बरेच दिवस तसंच ठेवलं होतं, परवा उघडलं. त्यातलं तलवारवाल्या मांत्रिकाचं पान वाचलं आणि तेव्हापासून मी अडचणीत आहे. फोनवर सांगणार होतो, पण तुम्ही 'बोल' म्हणता आणि माझं पुढचं तिथेच अडकतं. म्हणून पत्र.

तुम्हाला आठवत असेल, त्या दिवाळीत तुम्ही हा खेळ केजला आणलात, दोन दिवसांत आम्हाला शिकवलात आणि पुण्याला निघून गेलात. मागे सूत्रधार कोण होणार हा प्रश्न उरला. जीवन म्हणाला, "भाऊ रोज बांधाची भांडणं ऐकत्यात अन् तोंड उघडत न्हाईत. त्यांनाच बसवा." असा मी सूत्रधार झालो. (एकदा आमच्या साहेबांना माझ्या बॅगेत वीस बाजूंचा फासा दिसला. हे कोणतं यंत्र, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, साहेब, चार माणसं टेबलाभोवती बसतात. तिघांची तीन सोंगं असतात. चौथा गोष्ट सांगतो आणि त्यांच्या अंगावर राक्षस सोडतो. वार लागला की चुकला हे हा फासा ठरवतो. साहेब म्हणाले, म्हणजे आपल्या खात्यासारखंच आहे.)

जीवनचं ठिबकचं दुकान तुम्ही पाहिलं आहे. त्याने साधा तलवारबाज घेतला आणि नाव ठेवलं वज्रकेतू. माया मुलींच्या शाळेत गणित शिकवते, आमच्या स्वप्नालीची मैत्रीण. तिने मांत्रिक घेतली, अग्निशिखा. ती एका मंत्रात फौज जाळू शकते, पण तिला एक धोंडा लागला की आडवी. स्वप्नाली पहिले काही रविवार फक्त चहा आणून द्यायची. मग एकदा ट्रे टेबलावर ठेवून तिथेच बसली. तुमचं पुस्तक डिक्शनरी घेऊन तिने मागून पुढून वाचून काढलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तिने दोन्ही करणारी निवडली, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हाताने मंत्र. मी म्हणालो, पहिल्यांदा खेळते आहेस, एकच काहीतरी घे, सोपं जाईल. ती म्हणाली, "मला कधी कुणी एकच काम दिलंय का? मग हिला कावून द्यायचं?" त्या वर्षी तिची अंगणवाडी होती, माझी आई अंथरुणावर होती, आणि मी मोजणीला बाहेर. मी तिच्या कागदावर दोन्ही लिहिलं. नाव तिने ठेवलं सोजरबाई. पाटोद्याकडे त्यांच्या गावात या नावाची एक म्हातारी होती म्हणे, ती भर बाजारात उधळलेल्या बैलापुढे काठी घेऊन उभी राहिली होती. वज्रकेतू, अग्निशिखा आणि सोजरबाई. आमची टोळी अशी होती.

तुम्ही शिकवताना सांगितलं होतं की जो दोन्ही करतो त्याला दोन्ही थोडं थोडंच द्यायचं, म्हणजे समतोल राहतो. कागदावर ते बरोबर दिसतं. पण थोडी तलवार आणि थोडा मंत्र एकाच टर्नमध्ये एकाच राक्षसावर पडले की ते थोडं राहत नाही. वज्रकेतू बिचारा दोन वार करून घाम पुसायचा. तोवर सोजरबाई वार करून, त्याच वाराला विजेचा मंत्र लावून, चार पावलं मागे सरकून उभी असायची. जीवन फासा टेबलावर आपटायचा. "हे न्हाई चालायचं भाऊ. वहिनीनं वार बी करायचा, मंत्र बी टाकायचा, वर चिलखत बी घालायचं? मग म्या काय नुसती मशाल धरू काय?" स्वप्नाली म्हणायची, "धरा की. अंधार लई हाय."

मी उपाय केले. मंत्रासाठी एक हात मोकळा हवा असा नियम कडक केला, तर तिने ढाल टाकून दिली आणि आणखी चपळ झाली. दिवसाचे मंत्र कमी केले, तर प्रत्येक लढाई झाली की सोजरबाई थकली, आता झोपणार, उठली की मंत्र पुन्हा भरलेले, असं जाहीर करून ती चहा करायला उठायची आणि बाकीच्यांना चहा हवा असल्यामुळे कुणी विरोध करत नसे. शेवटी राक्षसच मोठे आणले. सोजरबाईला पुरून उरेल असा सहा तोंडांचा सरडा आणला. त्याने पहिल्याच टर्नला वज्रकेतूला गिळलं. दोन रविवार जीवन खुर्ची उलटी करून बसला होता. (तिसऱ्या रविवारी त्याला सरड्याच्या पोटातून जिवंत काढावं लागलं. ते कसं, हे तुम्ही विचारू नका. पुस्तकात नव्हतं.) वज्रकेतूला जादूची तलवार दिली, तर माया म्हणाली, "भाऊजी, जीवनला तलवार, स्वप्नालीला सगळंच, मला काय? मी काय सवतीची हाय?"

मोजणीत मला एक साधा हिशोब माहीत आहे. दोघेही नाराज होऊन घरी गेले तर मोजणी बरोबर झाली. इथे दोघे नाराज आणि एक जण खूश, आणि ती एक जण माझी बायको. जीवनच्या दुकानात बसणारी माणसंसुद्धा म्हणायला लागली, सोमनाथभाऊ बायकोला झुकतं माप देतात. दादा, मी तसं कधी केलं नाही. मी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा समोर उभा करून त्यामागे राक्षसाचे फासे टाकत होतो आणि जे पडेल तेच सांगत होतो.

खरी कटकट तलवारीची नव्हतीच, कवचाची होती. तुम्हाला माहीतच आहे, वार आला की कवचमंत्र टाकायचा, म्हणजे तो वार वाया जातो. दिवसातून मोजक्याच वेळा मिळतो, म्हणून कोणत्या वाराला टाकायचा हा अंदाज लागतो. माणूस घाबरून बारीक वारालाच टाकून मोकळा होतो. सोजरबाईने तो एकदाही वाया घालवला नाही. बारीक वार आला की ती हसून सोसायची. मोठा आला की मी तोंड उघडायच्या आत "कवच". आणि राक्षस अग्निशिखेवर धावला, की ज्या वेळी तो खरंच मारणार त्याच वेळी सोजरबाई बरोबर मध्ये येऊन उभी असायची. मायाने फळ्यावर लिहावं तसं गणित करून मला दाखवलं की इतकं नशीब एका माणसाच्या वाट्याला येत नाही. मी कवच दिवसातून एकदाच करायचं ठरवत होतो. स्वप्नालीला तसं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "करून तर बघा." त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं. मी मागितलं नाही.

नंतरच्या रविवारी खेळ किल्ल्याच्या दरवाजात थांबला. दरवाजा फुटला होता, आत कोण आहे ते कळलं नव्हतं, आणि अंधार पडला म्हणून आम्ही उठलो. पुढच्या आठवड्यात तिला ताप आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आलात, तिसऱ्या दिवशी परत गेलात, म्हणून दहाव्याला काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मीच सांगतो, कारण सगळी अडचण तिथे आहे.

नदीवर पिंड ठेवला. कावळे होते, समोरच्या बाभळीवर ओळीने बसले होते, पण एकही खाली येईना. आमच्या सासूबाई, मंजुळाबाई, पुढे झाल्या आणि म्हणाल्या, माझी काळजी करू नको माय, माझं भागतं. कावळा हलला नाही. दादा, तुम्हाला माहीत आहे अशा वेळी सगळे काय करतात. ज्याला जे जे सुचतं ते ते कबूल करतात. एका मावशीने स्वप्नालीकडून नेलेलं शिलाई मशीन परत करायचं कबूल केलं. (ते मशीन गेलं होतं हे मला तिथे समजलं.) कुणी म्हणालं, सोमनाथला आम्ही एकटं पडू देणार नाही, तेव्हा एक कावळा उडाला, पण उलट्या दिशेने. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्याने बोलायचं असतं. मला बोलता येत नाही हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. ऊन चढलं. भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात मागून जीवन पुढे आला. डोकं उघडं, पँट गुडघ्यापर्यंत ओली. त्याने हात जोडले आणि सगळ्या पाटोद्याच्या पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "वहिनी, सोजरबाईचं काय बी कमी करणार न्हाई. तलवार तशीच, कवच बी तसंच. म्या पुन्हा तक्रार करनार न्हाई. भाऊ, तुमी बी म्हना." आणि मी म्हणालो. इतका वेळ आवाज फुटत नव्हता, तो या वाक्याला फुटला. सोजरबाईचं काही कमी करणार नाही, म्हणालो. कावळा आला, दादा. एक नाही, सगळी ओळच उठून आली. माया बायकांत उभी होती, तिने पदर तोंडात धरला होता. ती रडते आहे की हसते आहे, ते मला कळलं नाही आणि बहुतेक तिलाही नाही.

घरी आल्यावर पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. ही सोजरबाई कोण? तिला कसलं कवच? सोमनाथने तिला काय देऊन ठेवलंय, जे आता कमी होणार नाही? एका चुलतसासऱ्यांनी मला बाजूला घेऊन फार समजुतीने विचारलं, बाई केजचीच आहे का? संध्याकाळी मंजुळाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी आरोप केला नाही, नुसतं विचारलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. टेबल, फासा, राक्षस, किल्ला, सगळं. आयुष्यात मी इतका वेळ सलग कधी बोललो नसेन. त्यांना राक्षसांत काही नवल वाटलं नाही. गावातल्या त्या खऱ्या सोजरबाईचं नाव आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तिच्यापाशी तलवार व्हती?" मी म्हणालो, होती. "अन् मंत्र बी?" होते. "लेकीनं मला कधी सांगितलं न्हाई." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग सोजरबाईचं काय झालं?" मी म्हणालो, काही झालं नाही, तिला साधं खरचटलंसुद्धा नाही, ती दरवाजात उभी आहे. मंजुळाबाई म्हणाल्या, "बरं झालं." आणि उठून चूल बघायला गेल्या.

आता अडचण सांगतो. महिना झाल्यावर जीवन आणि माया रविवारी आले. मी बोलावलं नव्हतं, ते आपणहून आले, मायाने घरून चहा थर्मासात आणला होता. मी पुठ्ठा उभा केला. दरवाजापासून सुरू करू म्हटलं. कुणाचा टर्न होता ते बघितलं, तर सोजरबाईचा. जीवन म्हणाला, तिला मागं उभी करू, म्या पुढं होतो. पण तोच जागचा हलेना. माया म्हणाली, तिचा टर्न झाल्याशिवाय मी मंत्र टाकणार नाही. मग जीवन म्हणाला, तिचे फासे म्या टाकतो. त्याने तिचा फासा उचलला, बराच वेळ मुठीत धरला आणि परत ठेवला. आम्ही चहा घेतला. तो गोड फार झाला होता. ते गेले. त्यानंतरचे सगळे रविवार असेच गेले आहेत. ते येतात, टर्न सोजरबाईचा असतो, चहा होतो, ते जातात.

त्यात तुमचं हे नवीन पुस्तक. यात तलवारवाल्या मांत्रिकाचं पान बदललं आहे. विजेच्या मंत्राचा जोर कमी केला आहे आणि वार केल्यावर मागे सरकता येत नाही. बाकीच्यांना मात्र थोडं थोडं वाढवून दिलं आहे. मी पेन्सिल घेऊन दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून तपासलं. समतोल आहे. जीवन आणि माया ज्यासाठी तीन वर्षं भांडले ते सगळं यात आहे. जीवनला दाखवलं तर त्याने पान उलटून टाकलं. "भाऊ, कावळ्याला शब्द दिलाय. पुस्तक पुन्याचं हाय, कावळा इथला हाय." मायाचं म्हणणं असं की शब्द जुन्या पुस्तकाखाली दिला होता, तेव्हा निदान सोजरबाईपुरतं जुनं पुस्तक चालू ठेवावं आणि बाकीच्यांना नवीन लावावं. (आमच्या खात्यात असं एका गावाला झालेलं आहे, अर्धा शिवार जुन्या नकाशावर आणि अर्धा नव्या. अजून केस चालू आहे.) तेव्हा तुम्ही अनुभवी आहात, पुण्यात दोन दोन टोळ्या चालवता, तुम्ही नक्की कळवा: शब्द दिलेल्या पात्राला नवीन नियम लागू होतो का? आणि होत नसेल, तर दरवाजाच्या आत किती मोठा राक्षस ठेवावा, म्हणजे वज्रकेतू आणि अग्निशिखा मरणार नाहीत आणि सोजरबाईलाही काम पुरेल? मला एवढंच विचारायचं होतं.

वहिनींना आणि आत्याला पुन्हा नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
सोमनाथ

ता. क. एवढंच विचारायचं होतं असं वर लिहिलं ते खरं नाही. राक्षस मला ठेवता येतो. तुम्ही एका रविवारी केजला या. शनिवारी संध्याकाळी आलात तर उत्तम, जेवायला साधंच असेल. तुम्ही सूत्रधार व्हा. पुस्तक जुनं घ्या किंवा नवं, तुम्ही म्हणाल ते. मला तिच्या खुर्चीत बसून सोजरबाईचा टर्न घ्यायचा आहे. जीवनला आणि मायाला मी अजून विचारलेलं नाही, पण तुम्ही समोर असलात तर ते नाही म्हणणार नाहीत. मला सूत्रधार राहून ते करता येत नाही. मीच राक्षस आणि मीच ती, असं मी एकदा करून बघितलं. होत नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी तिच्या खुर्चीत बसून बघावं म्हटलं, सवय व्हावी म्हणून. आधी माझ्या बाजूला पुठ्ठ्यामागे फासा टाकला, तो न बघता उठलो आणि तिच्या जागी जाऊन बसलो, अंदाज करता येतो का बघायला. दादा, माझ्या खुर्चीच्या मागे शोकेस आहे ना, स्टीलचे ग्लास ठेवलेली? त्या काचेत, पुठ्ठ्याच्या कडेने, मागचं सगळं टेबल दिसतं. आकडा उलटा दिसतो, पण वाचता येतो. सतरा. उठून बघितलं, सतराच होता. पाच-सहा वेळा टाकून बघितला. प्रत्येक वेळी दिसला.

ती बघत होती. तीन वर्षं. राक्षसाचे सगळे फासे तिला माझ्याआधी कळत होते आणि मी तलवार छाटत होतो, मंत्र कापत होतो, रात्र रात्र दोन पुस्तकं जुळवत होतो. नियमात काही खोट नव्हती. शोकेसची काच दर शनिवारी ती वर्तमानपत्राने घासून पुसायची. मी समजायचो, पाहुणे येणार म्हणून.

मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारच्या वहिनींनी भिंतीवर हात मारून विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही.

जीवनला सांगू नका. मायाला तर मुळीच नको, ती सगळं गणित पहिल्यापासून करायला बसेल. आणि तुम्ही याल तेव्हा माझ्याच खुर्चीत बसा, शोकेसकडे पाठ करून. पुठ्ठा हवा तेवढा उंच करा, पण खुर्ची सरकवू नका. मला तिच्यासारखा अंदाज नाही. मला बघावं लागेल. काच मी पुसून ठेवतो.

आता थांबतो. गच्चीवरची चादर वाळली असेल, दव पडायच्या आत काढायला हवी. मोठी आहे, दोघांची. एक टोक हनुवटीखाली धरलं आणि हात पूर्ण लांब केले, तर एकट्यालाही घडी घालता येते.